मॉन्स्टर मॅन्युअलमधले जीव लढाई नसते तेव्हा काय करतात

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारखे, टेबलाभोवती बसून पात्रे घेऊन कथा रचत खेळायचे खेळ खेळणाऱ्यांच्या कपाटात नियमांची पुस्तके असतात, आणि त्यांच्या शेजारी बहुधा त्यांच्यापेक्षा जास्त हाताळलेले एखादे मॉन्स्टर बुक असते. खेळात उपयोगी पडतील असे अद्भुत जीव, भुते, पिशाच्चे आणि ड्रॅगन यांची ती अकारविल्हे सूची असते, आणि प्रत्येक जिवाच्या चित्राशेजारी त्याला किती हिट पॉइंट्स आहेत (म्हणजे किती इजा झेलून तो जिवंत राहतो), त्याचे चिलखत किती पक्के आहे, तो एका फटक्यात किती इजा करतो याचे आकडे छापलेले असतात. मी मित्रांसाठी डंजन मास्टर म्हणून, म्हणजे कथेचे जग आणि त्यातले जीव सांभाळणारा सूत्रधार म्हणून, खेळ चालवतो, त्यामुळे हे आकडे मला लागतात हे खरे. पण ही पुस्तके मी वाचतो ती आकड्यांसाठी नव्हे. एखादा जीव माणसे समोर नसताना कुठे राहतो, काय खातो, त्याला काय हवे असते, हे ज्या पुस्तकात नीट सांगितलेले असते तेच पुस्तक खेळ चालवताना खरे कामाला येते, असे माझे मत आहे. आणि गेल्या ५० वर्षांत या पुस्तकांनी ही गोष्ट कधी सांभाळली, कधी सोडून दिली, याबद्दल हे टिपण आहे.

सुरुवात १९७४ मध्ये झाली. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहान गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी मूळ खेळ तीन पुस्तिकांच्या रूपात प्रसिद्ध केला, आणि त्यांतली दुसरी पुस्तिका जीव व खजिना यांना वाहिलेली होती. तिच्यातली वर्णने अगदी त्रोटक होती. त्यानंतर १९७७ च्या अखेरीस गायगॅक्स यांचे ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ आले. नव्या ‘ॲडव्हान्स्ड’ आवृत्तीचे हे पहिले पुस्तक. खेळाडूंचे पुस्तक १९७८ मध्ये आणि डंजन मास्टरचे १९७९ मध्ये आले, म्हणजे नियम पूर्ण होण्याआधीच प्राण्यांची यादी लोकांच्या हातात पडली होती. ११२ पानांत साडेतीनशेहून अधिक नोंदी असलेले हे जाड पुठ्ठ्याचे पुस्तक आज उघडले तर त्याची छपाई दाटीवाटीची आणि चित्रे कमीअधिक प्रतीची वाटतात, तरीही त्याच्या रकान्यांकडे नीट पाहावे. चिलखत आणि हिट डाइस (हिट पॉइंट्स ठरवणारे फासे) यांच्या आधी तिथे ‘किती दुर्मीळ’ आणि ‘एका वेळी किती आढळतात’ हे दिलेले आहे. मग काही ओळी सोडून ‘बिळात सापडण्याची टक्केवारी’ आणि ‘खजिन्याचा प्रकार’ येतो. ऑर्क, म्हणजे टोळ्यांनी राहणारे माणसासारखे लढवय्ये जीव, एका वेळी ३० ते ३०० आढळतात, असे हे पुस्तक सांगते. खेळाडूंच्या पाच पात्रांची टोळी तीनशे ऑर्कांशी लढू शकत नाही. म्हणून ती लपते, बोलणी करते, लाच देते, किंवा दोन टोळ्यांत भांडण लावून देते. एका रकान्यातल्या एका आकड्याने संध्याकाळच्या खेळाचा सगळा रोख बदलतो, आणि त्या आकड्याचा तलवारीच्या फटक्याशी काडीचाही संबंध नसतो.

या पुस्तकातले जीव आले कुठून, हा प्रश्न मला नेहमी रमवतो. काही ग्रीक पुराणकथांतून आले. कॅटोब्लेपस हा मान खाली घालून चालणारा प्राणी थेट रोमन लेखक प्लिनीच्या ग्रंथातून आला. जखमा आपोआप भरून येणारा आणि आग किंवा आम्ल यांखेरीज न मरणारा ट्रोल पॉल अँडरसन यांच्या कादंबरीतून उचललेला आहे. हरणाचे डोके आणि पक्ष्याचे धड असलेला पेरिटॉन अर्जेंटिनाचे लेखक बोर्हेस यांच्या काल्पनिक प्राण्यांच्या कोशातून आला. बोर्हेस यांनी त्याला जुन्या ग्रंथाचा आधार असल्याचे भासवले, पण त्यांच्या आधीचा कोणताही पेरिटॉन आजवर कुणाला सापडलेला नाही. आणि काही जीव चक्क खेळण्यांच्या दुकानातून आले. हाँगकाँगमध्ये बनवलेल्या स्वस्त प्लॅस्टिकच्या ‘प्रागैतिहासिक’ प्राण्यांचे एक पाकीट गायगॅक्स यांच्या हाती लागले होते, आणि त्यात कोणत्याही डायनासोरशी न जुळणारे काही विचित्र आकार होते. टेबलावर बाहुल्या म्हणून वापरताना त्यांना नावे मिळाली. घुबडाचे तोंड असलेले अस्वल म्हणजे आउलबेअर आणि लोखंड गंजवणारा रस्ट मॉन्स्टर हे १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत आले. जमिनीखालून सुळकन येणारा कवचधारी बुले टिम कास्क यांनी १९७६ मध्ये ‘द ड्रॅगन’ मासिकाच्या पहिल्या अंकात आणला.

यांतला रस्ट मॉन्स्टर मला सर्वांत हुशारीने घडवलेला वाटतो. तो जवळजवळ कुणालाच मारत नाही. त्याला धातूचा वास येतो, आणि त्याच्या मिशांचा स्पर्श झाला की चिलखत, ढाल, तलवार यांचा गंज होऊन पडतो. तो गंज हे त्याचे अन्न. पळ काढायचा असेल तर मूठभर लोखंडी खिळे त्याच्यापुढे फेकावेत, तो ते खात बसतो. ज्या योद्ध्याला दहा गॉब्लिन घाबरवू शकत नाहीत तो या भुकेल्या प्राण्यापुढून धूम ठोकतो, कारण जीव गेला तर नवे पात्र बनवता येते, पण महिनोन्महिने खेळून मिळवलेली जादूची तलवार गेली की ती गेलीच. हिट पॉइंट्स सोडून खेळाडूंकडून दुसरे काही हिरावून घेणारा जीव खेळात वेगळीच जान आणतो. जिलेटिनस क्यूब हा पारदर्शक, चौकोनी, चिकट जीव याच जातीचा. त्याची प्रत्येक बाजू १० फूट असते, आणि त्या काळी आलेखाच्या कागदावर काढलेल्या नकाशात एका चौकोनाची बाजूही १० फुटांचीच धरली जात असे. म्हणजे हा प्राणी भुयाराच्या मापाने बेतलेला आहे. तो वाटेतले सगळे मृत-जिवंत गिळत भुयार झाडून काढतो. भुयारे इतकी स्वच्छ का असतात या प्रश्नाचे उत्तर म्हणून कुणीतरी एक प्राणीच निर्माण केला, याचे मला आजही हसू येते.

पुढच्या आवृत्त्यांविषयी थोडक्यात लिहितो. १९८१ मध्ये ‘फीन्ड फोलिओ’ आले. त्यात ब्रिटनमधील ‘व्हाइट ड्वार्फ’ मासिकाच्या वाचकांनी पाठवलेल्या अनेक जिवांची निवड होती, आणि त्यांत पुढे विज्ञानकथाकार म्हणून नावारूपाला आलेले चार्ल्स स्ट्रॉस यांचे गिथयांकी नावाचे जीवही होते. १९८९ मध्ये दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी प्रकाशकांनी पुस्तकाऐवजी सुट्या पानांची फाइल काढली. नवी पाने विकत घ्यावीत आणि वर्णक्रमाने लावावीत, अशी ही योजना कागदावर उत्तम होती; पण पानाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे जीव छापल्यामुळे वर्णक्रम कधी जुळलाच नाही आणि भोके फाटू लागली ती वेगळीच. १९९३ मध्ये शहाणपणाने ते सगळे पुन्हा एका बांधीव पुस्तकात आणले. या पुस्तकावर माझा विशेष जीव आहे, कारण प्रत्येक नोंदीत लढाईच्या परिच्छेदानंतर ‘वस्ती व समाज’ आणि ‘परिसंस्था’ असे दोन परिच्छेद नेमाने येतात. त्या जिवाची अंडी कोण चोरते, त्याच्या कातडीचे काय करतात, त्याच्या शेजाऱ्यांशी त्याचे कसे जमते, हे तिथे वाचायला मिळते आणि त्या वाचनातूनच मोहिमेची अर्धी कथा तयार होते.

२००० च्या तिसऱ्या आवृत्तीत प्राण्यांना खेळाडूंच्या पात्रांचेच सर्व नियम लागू झाले. नोंदी लांबल्या, आकडे वाढले, आणि एक मंत्र वापरण्यासाठी दुसरे पुस्तक उघडावे लागू लागले. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने हा पसारा आवरला; लागणारे सर्व काही एका चौकटीत आले आणि प्रत्येक जिवाला लढाईत एक भूमिका मिळाली, कोणी दांडगा, कोणी दबा धरणारा, तर कोणी एका फटक्यात मरणारा किरकोळ सैनिक. खेळ चालू असताना वापरायला याहून सोयीचे पुस्तक निघालेले नाही, हे मी मान्य करतो. पण ते आडवे पडून वाचता येत नाही. रेल्वेचे वेळापत्रक जसे प्रवासाच्या दिवशीच उपयोगी पडते, तसे ते आहे. लढाई संपली की त्यातल्या बहुतेक जिवांबद्दल सांगण्यासारखे फारसे काही उरत नाही.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने बिळाला पुन्हा महत्त्व दिले, आणि तेही नव्या रीतीने. तिथे मोठ्या ड्रॅगनचा प्रभाव त्याच्या गुहेबाहेरही पडतो. काळा ड्रॅगन जिथे राहतो तिथल्या सहा मैलांच्या टापूत झाडोरा वेडावाकडा वाढून वाट चालायला दुप्पट वेळ लागतो, आणि मैलभरातले पाणी नासते. ड्रॅगन अजून कुणाला दिसलेलाही नसतो, पण गावची विहीर खराब झालेली असते. डंजन मास्टरला आणखी काय हवे?

आता राक्षसाकडे येतो, कारण मराठी वाचक १९७७ चे ते पुस्तक चाळताना तिथे थांबणारच. होय, त्यात राक्षस आहे, याच नावाने, आणि त्याचा पहिला ठावठिकाणा भारत हाच सांगितलेला आहे. चित्रकार डेव्ह ट्रॅम्पियर यांनी त्याला वाघाचे डोके दिले, अंगात विलायती कोट घातला आणि हाती पाइप दिला. तो समोरच्याच्या मनातले ओळखतो, त्याला विश्वासू वाटेल असे रूप घेतो, आणि गाफील क्षणी झडप घालतो. मंत्रवलेला क्रॉसबोचा बाण लागला की मात्र तत्काळ मरतो. हा बाण वाल्मीकींच्या भात्यातला नाही. तो १९७४ च्या एका अमेरिकी भयमालिकेच्या भागातून आला, ज्यात राक्षस म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या जिवलगाच्या रूपात भेटतो. तरीही या नोंदीचा मला राग येत नाही, कारण तिचा गाभा अस्सल आहे. सुवर्णमृग झालेला मारीच आणि भिक्षा मागायला आलेला रावण हेच तर करतात: समोरच्याला जे हवे किंवा जे पूज्य वाटते, तेच रूप घेतात. वाघाचे डोके हा वरचा साज झाला.

खटकतो तो दुसराच रकाना. राक्षसाची नैतिक प्रवृत्ती तिथे आधीच ठरवून टाकली आहे: दुष्ट, आणि तीही अख्ख्या जातीची. बिभीषणाची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला हे पटणे अवघड आहे. हिडिंबा भीमाशी लग्न करते आणि तिचा मुलगा घटोत्कच पांडवांसाठी प्राण देतो. लंकेत नगर आहे, राजसभा आहे, सल्लागारांचे मतभेद आहेत. आपल्या कथांतला राक्षस वैरी असतो, पण त्याला घरदार आणि निवड करण्याची मोकळीक असते. ऑर्क जन्मजात वाईट का, हा प्रश्न पाश्चात्त्य खेळाडूंनीही उशिरा का होईना विचारला. २०२५ च्या नव्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये ऑर्कांची स्वतंत्र नोंदच नाही, कारण ते आता खेळाडूंनी घ्यायच्या पात्रांत गेले आहेत. मला हा उपाय अर्धा वाटतो. ऑर्क काढून टाकण्याऐवजी त्यांच्यातला बिभीषण कोण आणि तो सभेतून का उठला हे त्या पानावर लिहिले असते, तर खेळाला जास्त काही मिळाले असते.

जानेवारी २०२३ मध्ये पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या, कुणालाही मजकूर वापरू देणाऱ्या परवान्याखाली खुले झाले, त्यामुळे त्या चौकटीत मराठी जीवकोश लिहायला कायद्याची अडचण उरलेली नाही. सर्वांनाच त्यात घ्यावे असे मात्र मला वाटत नाही. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो आणि भाविक त्याला मोठाल्या चामडी वहाणा वाहतात. त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. तो गावाचा देव आहे, आणि पूजेतल्या देवाला हिट पॉइंट्स देण्याचा जो प्रकार १९८० च्या देवतांवरील पुस्तकात इंद्र-अग्नींच्या बाबतीत झाला, तो आपण करू नये. मुंजाचे तसे नाही. त्याच्यासाठी १९७७ चे जुने रकाने मी भरून ठेवले आहेत. आढळणारी संख्या: एक. बिळात सापडण्याची शक्यता: पिंपळ उभा असेपर्यंत १०० टक्के. खजिना: नाही. मुंज झाली, पण सोडमुंज होण्याआधीच जो मुलगा गेला, त्याला काय हवे आहे हे उघड आहे, आणि ते तलवारीने देता येत नाही. म्हणून पिंपळाखालून रात्री जाणाऱ्या टोळीला तो काय विचारील, कोणत्या उत्तरावर वाट सोडील आणि पिंपळ तोडायला निघालेल्या सावकाराचे काय करील, हे आधी लिहिले. आर्मर क्लास, म्हणजे चिलखताचा आकडा, त्यानंतर १२ ठेवला आहे. तो कुणाला लागेल असे वाटत नाही.