हरभऱ्याची आंब आणि वावरातले चार दिवस

२६ जानेवारीचं झेंडावंदन आटोपलं, सुट्टीचा अर्ज आधीच दिलेला होता, आणि दुपारून मी पिशवी घेऊन आमच्या वावरात राहायला गेले. एकटी. चार रात्री. लग्न नाही, यात्रा नाही, नवस नाही, नुसतं राहायला. वाचायला सोपं वाटतं पण आमच्याकडे बाई एकटी निघाली म्हणजे भांडून तरी निघाली नाहीतर काहीतरी बिनसलंय असंच लोक धरतात. शेजारच्या वहिनी फाटकातच थांबल्या, "काई झालं का वो मॅडम घरी? वावरात काहून जाता रायाले?" यांना पटायलाही आठ दिवस लागले. शेवटी असं ठरलं की धुऱ्यापलीकडच्या, म्हणजे बांधापलीकडच्या वावरात काका रोज जागलीला असतात, त्यांना हाक ऐकू जाते, आणि अंधार पडला की मी झोपडीच्या बाहेर पाय टाकायचा नाही. बिबट्याचं भ्या आमच्या भागात खरंच आहे, त्यात काही वाढवून सांगत नाहीये.

कारण सांगते. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दोन वर्षं अंथरुणावर होत्या. सकाळी त्यांचं सगळं उरकून शाळा, शाळेतून आलं की परत त्यांचं, रात्री कूस बदलायला दोनदा उठायचं. दसऱ्यानंतर त्या गेल्या. तेरवी झाली आणि दोन दिवसांनी मी शाळेत रुजू झाले, मग चाचण्या, ऑनलाइन माहिती भरणं, हे नाही तर ते. रडायला म्हणून वेळच मिळाला नाही, आणि खरं सांगायचं तर रडू आलंही नाही. मग डिसेंबरात एक दिवस चौथीतल्या एका पोरावर मी इतकी ओरडले की त्याच्या हातातली वही खाली पडली. त्याने ती उचलली, चड्डीला पुसली आणि माझ्याकडे बघितलं. तो चेहरा डोळ्यासमोरून जाईना. त्या रात्रीच ठरवलं की आता थोडे दिवस कोणाच्या हाकेला ओ द्यायची नाही.

डोक्यात विनोबा होते. आम्ही वर्धा जिल्ह्यातले, पोरांची सहल पवनारला त्यांच्या आश्रमात दर दोन-तीन वर्षांनी जातेच, तिथली खोदताना सापडलेली राम-भरत भेटीची मूर्ती पोरांना मी कितीदा दाखवली असेल. पण विनोबा पवनारला पहिल्यांदा कशाला आले हे मी पोरांना सांगायचे तेव्हा ते माझ्यात कधी मुरलं नव्हतं. १९३८ मध्ये त्यांची तब्येत फार खालावली होती, वजन ८८ पौंड म्हणजे जेमतेम ४० किलो. गांधीजींचं म्हणणं, थंड हवेच्या ठिकाणी जा. विनोबांनी पवनार निवडलं, धाम नदीच्या काठावरचा जमनालाल बजाजांचा बंगला. पुलावरून गाडी जात असताना ते मनाशी म्हणाले की मी सगळं सोडलं, आश्रमाची कामं, चिंता, सगळं. आणि तिथे राहून काय केलं तर शेतात कुदळ मारली. आधी अगदी थोडा वेळ, मग रोज थोडं थोडं वाढवत. दहा महिन्यांत वजन १२८ पौंड. मला यातली कुदळ फार महत्त्वाची वाटते. आराम म्हणजे नुसतं पडून राहणं असं आपण समजतो, पण ज्याचं मन थकलंय त्याला पडून राहिलं की जास्तच त्रास होतो, हाताला एक काहीतरी पाहिजे.

पहिली रात्र आणि दुसरा अख्खा दिवस मी झोपूनच काढला. मोबाइल बंद करून डब्यात ठेवला होता तरी हात तिकडे जायचा. लाइन त्या आठवड्यात रात्रीची होती, मोटर सुरू झाली की दूरवर घुरघुर, मध्येच काकांचं डबा वाजवणं आणि "हुर्रर्र" ओरडणं, रानडुकरं हरभऱ्यात शिरू नयेत म्हणून. त्या आवाजात मला इतकी गाढ झोप लागली जशी दोन वर्षांत लागली नव्हती.

संध्याकाळी उठले, झोपडीत झाडलोट केली, आणि आड्याला खोचलेलं एक पांढरं फडकं हाताला लागलं. आत्याबाईंच्या जुन्या पातळाचं. आंबीचं फडकं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हरभऱ्याच्या पानांवर बारीक लव असते, तिच्यातून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल झिरपतं, म्हणून तर हरभऱ्यातून चाललं की पाय चुरचुरतात. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी धुतलेलं सुती फडकं झाडांवर पसरून ठेवायचं, रात्रभर दव पडतं, पानांवरचं आंबट पाणी त्यात उतरतं, पहाटे ऊन पडायच्या आत ते फडकं काचेच्या नाहीतर चिनी मातीच्या भांड्यात पिळायचं. तांब्या-पितळेत नाही, आंब धातू खाते. हीच हरभऱ्याची आंब. पोटात दुखलं की चमचाभर पाण्यात टाकून घ्यायची. आत्याबाई दरवर्षी करायच्या, अर्ध्या गावाला पुरवायच्या. दोन वर्षं कोणी केलीच नव्हती.

मी फडकं धुतलं आणि उजेड होता तोवर पसरून आले. पहाटे गेले तर फडकं जड झालेलं, घाटे धरलेल्या झाडांवर चिकटून बसलेलं, सोडवताना बोटं गारठून गेली. पिळायला घेतलं, एक टोक पायाखाली धरून दुसरं पिरगाळायचं असं त्या करायच्या, तसंच केलं, बोटावर एक बारीक चीर होती तिथे झोंबलं आणि तो आंबट वास नाकात गेला. आणि मग मला जे रडू आलं ते थांबेचना. वाटी हातात धरून मी धुऱ्यावर बसले आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत रडले. तिथे कोणी "नका रडू" म्हणणारं नव्हतं, डोळे पुसून कोणासाठी चहा ठेवायचा नव्हता. घरी हे झालं नसतं.

पहिल्या दिवशी चार चमचे निघाली. मग दिवसभर तुराट्यांच्या पेंढ्या बांधल्या, झोपडी सारवली, भाकर आणि चून, म्हणजे पिठलं, करून खाल्लं, संध्याकाळ झाली की परत फडकं. ध्यान वगैरे मी काही केलं नाही, मला जमतही नाही. पण तिसऱ्या दिवशी दुपारी पेंढी बांधताना लक्षात आलं की तासभर मी कशाचाच विचार केला नव्हता, आणि त्या पोराची आठवण आली तर आता त्याला काय म्हणायचं तेही आपोआप सुचलं.

शेवटच्या सकाळी निघताना काका वाटी घेऊन धुऱ्यापाशी आले. "मॅडम, आंब काढली म्हणते, थोडी द्या ना, बुढीचं पोट दुखून रायलं. तुमच्या आत्याबाई देत होत्या."

तीन चमचे त्यांच्या वाटीत घातली. उरलेली बाटलीत भरली. आत्याबाईंना लिहिता येत नव्हतं, कोणत्या सालची आंब ते कळावं म्हणून त्या बाटलीच्या गळ्याला दरवर्षी वेगळ्या रंगाचा दोरा बांधायच्या. माझ्याजवळ रंगीत दोरा नव्हता. फडक्याच्या काठाचा एक धागा ओढून काढला आणि तोच बांधला.