तुम्ही विचारलंत म्हणून : मंद लयीची उसनवारी

‘हे असले संगीत तुम्हाला सापडले तरी कुठे?’ हा प्रश्न मला बँकेतल्या सहकाऱ्यांनी, लग्नकार्यात भेटलेल्या नातेवाइकांनी आणि अलीकडे भाच्याच्या मित्रांनीही विचारला आहे. ‘असले’ या शब्दावरचा जोर प्रत्येकाचा निराळा असतो. मात्र मिरजेत वाढलेली, मीरासाहेबांच्या उरुसात रात्ररात्र गाणे ऐकलेली आणि आता पन्नाशीकडे झुकलेली बाई डूम मेटल, म्हणजे जड गिटारींचे अतिशय मंद आणि उदास रॉक संगीत ऐकते, याचे आश्चर्य सगळ्यांना सारखेच वाटते. खरे तर मी ते शोधायला कधी गेलेच नव्हते. वसतिगृहातल्या एका मुलीने ते मला उसने दिले, आणि ती उसनवारी अजून फिटलेली नाही.

ज्यांनी यातले काहीच ऐकलेले नाही, त्यांच्यासाठी थोडे मागे जावे लागेल. बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सबाथ या बँडचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी आला. त्याच्या सुरुवातीला पाऊस पडत असतो, दूरवर चर्चची घंटा वाजत असते, आणि मग गिटारवर तीन स्वर येतात : सा, वरचा सा, आणि तिथून खाली उतरून तीव्र मध्यम. त्या मध्यमावर गिटार थरथरत उभी राहते आणि पुन्हा सुरुवातीला जाते. डूम मेटल नावाच्या प्रकाराचे बीज या तीन स्वरांत आहे, असे बहुतेक जाणकार मानतात. गिटार वाजवणारा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतरा वर्षांचा असताना यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली, आणि तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने त्या बोटांना टोपणे केली, हलक्या तारा लावल्या, आणि १९७१च्या तिसऱ्या अल्बमपासून तारा सैल करून गिटार खालच्या पट्टीत उतरवली. पुढच्या पिढ्यांनी ज्या जडपणाची भक्ती केली, त्याच्या मुळाशी कारखान्यातला असा एक अपघात आहे.

पुढे १९८६ साली स्वीडनच्या कँडलमासने आपल्या पहिल्या अल्बमच्या नावातच ‘डूम’ची लॅटिन वळणाची थट्टा करून या प्रकाराला धीरगंभीर, जवळजवळ नाटकी रूप दिले. माझ्यापर्यंत जे पोचले ते मात्र त्यानंतरचे, उत्तर इंग्लंडमधले. हॅलिफॅक्सचा पॅराडाइज लॉस्ट, ब्रॅडफर्डचा माय डाइंग ब्राइड आणि लिव्हरपूलचा अनाथेमा या तिन्ही बँडचे सुरुवातीचे अल्बम पीसव्हिल या एकाच लहानशा कंपनीने काढले. ही कंपनी यॉर्कशायरमधल्या ड्यूसबरी या गावची, आणि तिची सुरुवातही कॅसेटी काढण्यापासूनच झाली होती. हॅलिफॅक्स, ब्रॅडफर्ड, ड्यूसबरी ही सगळी लोकरीच्या गिरण्यांची गावे, आणि गिरण्या बंद पडलेल्या गावात संध्याकाळ कशी उतरते हे मराठी वाचकाला मी वेगळे सांगायला नको. पॅराडाइज लॉस्टचा ‘गॉथिक’ हा अल्बम १९९१ साली आला. त्यात घोगऱ्या, गुरगुरणाऱ्या आवाजावर ग्रेगर मॅकिंटॉशची गिटार एखाद्या रडवेल्या माणसासारखी एकच ओळ लांबवत राहते, आणि अधूनमधून एका बाईचा स्वच्छ आवाज येऊन जातो. गॉथिक मेटल हे नाव रूढ झाले ते मुख्यतः या अल्बममुळे.

हे बँड मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींवर पसरले नाहीत. त्यांच्या पहिल्या डेमो कॅसेटी चाहत्यांनीच एकमेकांना टपालाने पाठवल्या. मी तुला माझ्याकडची एक कॅसेट भरून पाठवतो, तू मला तुझ्याकडची पाठव, असा तो रोख पैशाविना चालणारा व्यवहार होता. पाकिटात झेरॉक्स काढलेली पत्रके असत, उत्तराच्या टपालखर्चासाठी आंतरराष्ट्रीय उत्तरकुपने असत, आणि तिकिटांवर साबणाचा किंवा डिंकाचा पातळ हात फिरवलेला असे, म्हणजे टपालाचा शिक्का धुऊन तेच तिकीट पुन्हा वापरता येई. ‘माझी तिकिटे परत पाठव’ ही ओळ अशा पत्रांत हमखास असे. सरकारी टपालखात्याची ही फसवणूक होती यात शंका नाही, पण ती इतकी गरीब आणि इतकी कष्टाळू फसवणूक होती की मला तिच्याविषयी राग धरता आलेला नाही.

१९९७ साली मी अभियांत्रिकी शिकायला पुण्यात आले, तेव्हा वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीत शिलाँगची एक मुलगी राहत होती. ती माझ्याहून दोन वर्षांनी पुढे होती. तिचा भाऊ इंग्लंडमधल्या एका पत्रमित्राशी कॅसेटींची अदलाबदल करीत असे, आणि तो भरून देत असलेल्या कॅसेटी ती दर सुट्टीनंतर घेऊन येई. पुण्याच्या दुकानांत तेव्हा आयर्न मेडन आणि मेटालिका मिळत, पण तिच्याकडच्या नावांना दुकानदार नुसती मान हलवत. तिने मला लगेच काही ऐकवले नाही. आठवडाभर ती मला घरी काय वाजते, कोण गाते, झोपताना काय ऐकतेस असे विचारत राहिली. आई हार्मोनियम वाजवते हे कळल्यावर तिने माय डाइंग ब्राइडचा १९९३चा ‘टर्न लूज द स्वान्स’ काढून दिला. त्याचे पहिले गाणे ढोल आणि गिटार यांच्याशिवायचे आहे. त्यात फक्त कीबोर्ड, व्हायोलिन आणि एक खचलेला पुरुषी आवाज आहे. दिवा मालवून, एकटीने, एका बैठकीत ऐक, असे तिने बजावले होते. दुसऱ्या गाण्यात गुरगुर सुरू झाल्यावर मी टेप बंद केला, हे मी तिला पंधरा दिवस सांगितले नाही.

ती कॅसेट साठ मिनिटांची होती. अल्बम सत्तावन्न-अठ्ठावन्न मिनिटांचा असल्यामुळे तो तीत मावत असे, पण चौथे गाणे संपत असतानाच पहिली बाजू संपे, त्यामुळे त्या गाण्याचा शेवट मी कितीतरी वर्षे ऐकलेला नव्हता. पुढे सीडीवर तो ऐकला तेव्हा कुणीतरी परका माणूस आपल्या घरात शिरल्यासारखे वाटले. कॅसेटच्या आतल्या पुठ्ठ्यावर तिच्या भावाने निळ्या शाईत गाण्यांची नावे लिहिली होती, आणि त्यातले एक नाव चुकीचे होते. मीही पुढे कित्येकांना ती कॅसेट भरून देताना ते चुकीचे नाव इमानाने उतरवून दिले. प्रतीची प्रत होत जाताना वरचे स्वर झिजतात आणि खरखर वाढते. अन्य संगीताला हे मारक आहे, पण या संगीताला ते शोभून दिसे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी ब्लॅक सबाथची कॅसेट मिरजेला नेली. आईने स्वयंपाकघरातून पहिल्यांदा विचारले ते एवढेच, ‘हे काय, मढे पोचवायला निघाल्यासारखे?’ मग ती बाहेर आली आणि हार्मोनियमवर ते तीन स्वर शोधू लागली. मूळ गाणे पांढरी पाचमध्ये आहे. आमच्या टेपमधून येणारा सूर मात्र पांढरी पाच आणि काळी तीन यांच्या मधे कुठेतरी पडत होता, कोणत्याच पट्टीशी जुळत नव्हता. टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा सैल पडून यंत्र मंद चालत होते, हे आईच्या कानाने असे पकडले. म्हणजे आधीच मंद असलेले ते संगीत मी आणखी मंद करून ऐकत होते, आणि त्यावरच माझा जीव जडला होता. नंतर आई म्हणाली, ‘तीव्र मध्यम घेतोय, पण पंचमाकडे जायचे नावच काढत नाही. पंचम नाहीच का याच्यात?’ आणि मला अजून नीट न कळलेली गोष्ट तिने एका वाक्यात सांगितली : मारवा रागातही पंचम नसतो, म्हणून तो कातरवेळी असा टांगून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी तिने कपाटातून अमीर खाँसाहेबांच्या मारव्याची कॅसेट काढून माझ्या पिशवीत घातली. अतिविलंबित झुमरा तालात चौदा मात्रांचे एक आवर्तन कधी संपते याची वाट न पाहता बसून राहायला मी त्या कॅसेटीवर शिकले, आणि त्यानंतर फिनलंडच्या थर्गोथॉन आणि स्केप्टिसिझम यांची फ्युनरल डूम म्हणतात ती गाणी मला जड गेली नाहीत. त्यांत कधी कधी ठोक्यांची गती विसाव्यात असलेल्या माणसाच्या नाडीपेक्षाही कमी असते. मारव्याची कॅसेट मी शिलाँगच्या मुलीला दिली. ती तिला आवडली की नाही, हे तिने कधीच स्पष्ट सांगितले नाही. तिने ती दीड वर्ष परत केली नाही, यावरून मी काय तो अंदाज बांधला.

या देवाणघेवाणीत फजितीही पुष्कळ झाली. ब्रुकलिनच्या टाइप ओ नेगेटिव्हचा १९९६चा ‘ऑक्टोबर रस्ट’ मी पहिल्यांदा भरून घेतला, तेव्हा सुरुवातीला अर्धा मिनिट नुसती विजेची गुणगुण ऐकू आली. जोडणी सैल असावी म्हणून मी तारा काढून पुन्हा लावल्या आणि सगळा अल्बम नव्याने भरला. गुणगुण तशीच होती. पुढे कळले की ऐकणाऱ्याला आपला स्पीकर बिघडला असे वाटावे, म्हणून बँडने ती मुद्दाम घातली होती. पीटर स्टील हा त्यांचा गायक एके काळी न्यूयॉर्क महापालिकेच्या उद्यान खात्यात नोकरीला होता, आणि त्याच्या सगळ्या काळ्या कपड्यांच्या आत एक तिरकस विनोदी माणूस दडलेला होता. आपल्याकडचे चाहते हे संगीत फार गंभीरपणे घेतात, त्यांना हा विनोद दिसतच नाही, अशी माझी जुनी तक्रार आहे.

देण्यातली माझी सर्वांत मोठी चूक म्हणजे कार्यालयातल्या एका तरुण सहकाऱ्याला मी पहिल्याच भेटीत थर्गोथॉन दिला. त्याने तो दुसऱ्या दिवशी अतिशय नम्रपणे परत केला आणि नंतर वर्षभर माझ्याशी संगीताचा विषय काढला नाही. तेव्हापासून मी आधी विचारते. भावगीते ऐकणाऱ्याला मी नेदरलँड्सच्या द गॅदरिंगचा १९९५चा ‘मँडिलियन’ देते, कारण अनेके व्हान गिअर्सबर्गनच्या मोकळ्या आवाजाला धरून माणूस गिटारींच्या जंगलातून सुखरूप बाहेर येतो. नाटकाची आवड असलेल्याला नॉर्वेच्या थिएटर ऑफ ट्रॅजेडीचा १९९६चा अल्बम देते. लिव्ह क्रिस्टीनचा कोवळा आवाज आणि त्याला उत्तर देणारी पुरुषाची गुरगुर, हा संवाद त्यांनी जुन्या वळणाच्या इंग्रजीत रचला आहे. पुढे डझनावारी बँडनी ती जोडी साच्यासारखी वापरली, आणि आता तसा नवा अल्बम कुणी पुढे केला की मला कंटाळा येतो, हेही सांगून टाकते. गुरगुर मुळीच सहन होत नाही असे म्हणणाऱ्याला मी कँडलमास देते. तिथे गायक ऑपेराच्या थाटात गातो.

‘मग आम्हाला एक यादीच पाठवा ना,’ असे पुष्कळ जण म्हणतात. यादी मी देत नाही, आणि हे शिष्टपणाचे वाटत असेल तर त्याला माझा इलाज नाही. आता कोणताही अल्बम फोनवर क्षणात मिळतो, आणि एक ऐकले की यंत्रच त्यासारखे दहा पुढे ठेवते. त्यातून मलाही चांगल्या गोष्टी मिळाल्या आहेत. बंगळुरूच्या बेव्हर सीचा २०१२चा अल्बम आणि त्याच शहरातल्या जिन अँड मिस्कॅटॉनिकची २०१३ची गाणी मी घरबसल्या ऐकली, आणि डूमला भारतात घर मिळाले म्हणून सुखावले. पण यंत्र ‘यासारखे’ शोधते, आणि मला मिळालेली सर्वांत मोलाची जोडी कोणत्याच अर्थाने एकसारखी नव्हती. बर्मिंगहॅमच्या कारखान्यातल्या मुलाचा तीव्र मध्यम ऐकून अमीर खाँसाहेबांचा मारवा पिशवीत घालायला आईच लागते. शिवाय दहा मिनिटांचे मंद गाणे दुसऱ्या मिनिटाला बदलता येत असताना ते न बदलायला काहीतरी कारण लागते. माझ्यासाठी ते कारण शेजारच्या खोलीतली मुलगी होती, कारण ऐकलेस का, हे ती उद्या विचारणार होती.

भाच्याने अलीकडे मला त्याला आवडलेला एक बँड ऐकायला दिला. मला तो फार घाईचा वाटला, आणि मी तसे सांगितले. त्याने विचारले, ‘मावशी, पूर्ण ऐकलास का पण?’ मी ऐकला नव्हता. त्या रात्री दिवा मालवून पुन्हा बसले. शेवटची दोन गाणी चांगली निघाली.

५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅममध्ये ब्लॅक सबाथचा अखेरचा कार्यक्रम झाला आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला त्यांचा गायक ऑझी ऑसबोर्न गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी शिलाँगहून संदेश आला. मधे सहा-सात वर्षे आमचे बोलणे नव्हते. तिने ऑझीविषयी एक शब्दही लिहिला नव्हता. ‘भावाची ती साठ मिनिटांची कॅसेट अजून तुझ्याकडेच आहे ना?’ एवढेच विचारले होते. आहे, असे मी लगेच कळवले, आणि मारव्याची दुसऱ्यांदा नेलेली कॅसेट तुझ्याकडे आहे, याची आठवणही करून दिली.