रीफ टँकमध्ये मासे टाकायच्या आधी एवढं वाचा

परवा अंजनगावकडून दोन पोट्टे मोटारसायकलवर माझा रीफ टँक, म्हणजे घरातला खाऱ्या पाण्याचा, जिवंत पोवळ्यांचा टँक, पाहायला आले. पाहून झालं, चहा झाला, मग एकाने खिशातून चारघडी कागद काढला, म्हणे भाऊ आम्हाले बी असाच करायचा हाये, हे मासे लिहून आणले, बरोबर हाये का एकदा पाहून द्या. कागदावर होतं: ब्लू टँग १, लायनफिश १, क्लाउनफिश ४, मँडरिन १, निळे डॅमसेल ५, सीहॉर्स (समुद्री घोडा) १ जोडी. टँक तीन फुटाचा.

मी तो कागद दोनदा वाचला आणि म्हटलं बसा रे बाबू, आता जेवूनच जा. कारण माझ्या पहिल्या लिस्टमध्येही यातले अर्धे मासे होते आणि त्यातले किती मेले ते माझं मला माहीत. त्या दिवशी त्यांच्याशी जे दोन-अडीच तास बोललो तेच इथे लिहून ठेवतो, कारण असे फोन मला महिन्यातून दोन-तीन येतातच.

आधी पाण्याचं सांगतो, पटकन. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, म्हणजे पक्का खारपाणपट्टा. नावात दर्या आहे पण खरा दर्या शेकडो किलोमीटर लांब. त्यामुळे गावातला प्रत्येक माणूस एकदा तरी म्हणतोच, काहून बे मीठ विकत आणतं, आपल्या विहिरीचं पाणी खारंच हाये ना. ते खारं आहे खरं, पण ते समुद्राचं खारं नाही. माझ्या विहिरीचं पाणी टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र) लिटरला अठराशे मिलिग्रॅमच्या आसपास दाखवतं आणि समुद्राच्या एका लिटरमध्ये ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे पस्तीस हजार मिलिग्रॅम, आणि त्यातलं कॅल्शियम मॅग्नेशियमचं प्रमाण पण वेगळंच. म्हणून आरओचं पाणी घ्यायचं, त्यात मरीन सॉल्ट कालवायचं, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (साध्या पाण्याच्या तुलनेत घनता) १.०२५ आणायची आणि मासे टाकायच्या आधी महिना-दीड महिना टँक नुसता दगड-वाळूवर चालू द्यायचा, म्हणजे अमोनिया खाणारे जिवाणू तयार होतात. यात घाई करायची नाही.

आता मासे. दुकानात आपण मासा पाहतो तो रंगावरून, आणि दुकानात तो असतो दोन इंचाचा, घाबरलेला, एकटा. तिथे सगळेच गरीब दिसतात. पण हा मासा मोठा झाल्यावर केवढा होणार, समुद्रात काय खातो, आणि स्वतःची जागा धरून बसणारा आहे का दिवसभर फिरणारा, हे माहीत नसेल तर पैसे देऊच नका. कागदावरचा ब्लू टँग घ्या. छोटा असताना इतका सुंदर की नजर हटत नाही, पण तो वाढतो एक फुटापर्यंत आणि समुद्रात दिवसभर खडकावरचं शेवाळ नाहीतर वाहत आलेलं बारीक खाणं टिपत लांब लांब पोहत असतो. तीन फुटाच्या काचेत तो इकडून तिकडे वळतच राहतो, अंगावर पांढरे ठिपके येतात, आणि त्याचा राग मग बाकीच्यांवर निघतो. सहा फुटाच्या खाली टँग नकोच, हे माझं ठाम मत.

लायनफिशचा हिशोब अजून सोपा आहे. त्याच्या तोंडात जे मावेल ते त्याचं जेवण. तो पोवळ्याला हात लावत नाही म्हणून लोकं त्याला चालतो म्हणतात, पण क्लाउनफिश, गोबी नावाचा छोटा मासा, झिंगा हे सगळं तो रात्रीतून साफ करतो आणि सकाळी तुम्ही दगडामागे शोधत बसता. शिवाय पाठीवरचे काटे विषारी. घरात लहान लेकरं असतील, टँकमध्ये रोज हात घालावा लागणार असेल तर तो जीव घरात नको.

सीहॉर्सवर तर मी सरळ काट मारली. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सगळे सीहॉर्स संरक्षित आहेत, तसंच दगडी पोवळी, म्हणजे ज्यांचा सांगाडा कडक असतो ती सगळी, आणि सी फॅन, म्हणजे पंख्यासारखी पोवळी, पण. कोणी दुकानदार गुपचूप देतो म्हणाला तरी घेऊ नका. माझ्या टँकमध्ये झोआ आहेत, मशरूम आहेत, एक लेदर कोरल आहे, सगळी मऊ पोवळी, आणि तेवढ्यात टँक भरलेला दिसतो. यात बटरफ्लायफिश टाकला की तो एकेक पॉलिप (पोवळ्यातला एकेक बारीक जीव) टोचून खातो, छोटे एंजलफिश कधी खातात कधी नाही. मी एवढी महिनोन्महिने वाढवलेली झोआ अशी नशिबावर सोडायला तयार नाही.

मँडरिनचं दुःख मला जास्त आहे. इतका सुंदर मासा जगात दुसरा नसेल, कोणाशी भांडत पण नाही. पण तो दिवसभर दगडावरून कोपेपॉड नावाचे बारीक बारीक जिवंत जीव वेचून खातो, आपण टाकलेलं फ्रोझन खाणं बहुतेक वेळा तोंडातच घेत नाही. नव्या टँकमध्ये ते कोपेपॉड तो काही आठवड्यात संपवतो आणि मग हळूहळू वाळतो, आधी पोट आत जातं, मग पाठीची रेष वर दिसते. मी हे दुसऱ्याच्या टँकमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. भरपूर लाइव्ह रॉक (समुद्रातले बारीक जीव वसलेले दगड) असलेला, वर्षभर चाललेला मोठा टँक असेल तरच त्याचा विचार करा.

क्लाउनफिश मात्र सगळ्यांनी घ्यावा, फक्त चार नाही, दोन. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. क्लाउनफिश जन्मतः सगळे नरच असतात. गटातला सगळ्यात मोठा आणि दांडगा मासा मादी होतो, दुसऱ्या नंबरचा तिचा नर, बाकीचे लहानच राहतात, आणि मादी मेली तर तो नर मादी होतो आणि खालचा वर सरकतो. समुद्रात एका अ‍ॅनिमोनवर (हा फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) असं कुटुंब राहतं. आपल्या काचेत मात्र दोघांची जोडी जमली की उरलेल्या दोघांना ते कोपऱ्यात कोंडून मारतात. म्हणून दोन घ्या, एक थोडा मोठा एक थोडा लहान, एकाच जातीचे, एकाच दिवशी टाका. सुरुवातीला मोठा दटावतो, लहान आडवा होऊन थरथरतो, ते पाहून घाबरू नका, तो फक्त हार मानून राहिला आहे. शक्यतो टँकमध्ये पैदास झालेलेच घ्या, केरळात विळिंजमच्या सीएमएफआरआय (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) केंद्रात यांच्या पैदाशीचं चांगलं काम झालेलं आहे. असे मासे काचेला सरावलेले असतात, खाणं लगेच घेतात आणि त्यांच्यासाठी समुद्र ओरबाडावा लागत नाही. आणि अ‍ॅनिमोन लागतोच असं काही नाही, माझी जोडी लेदर कोरलमध्ये झोपते.

आता राहिले डॅमसेल. इथे मला थांबून सांगायचं आहे.

माझा टँक चार फूट बाय दीड बाय दीड, दगड-वाळू वजा करून दोनशे लिटर पाणी. सुरुवातीला नागपूरच्या एका दुकानातून पाच निळे डॅमसेल आणले होते, स्वस्त, मजबूत, नव्या टँकला हेच बरे असं तिथे सांगितलं गेलं. दोन महिन्यात पाचाचा एक झाला. बाकीच्या चौघांना त्यानेच मारलं, एकेक करून, शेपटी कुरतडून. तेव्हा मला वाटलं आता शांत होईल. मग मी फायरफिश आणला, पुढून पांढरा, मागून लाल होत जाणारा, डोक्यामागे पाठीवर पांढरी लांब दोरी, स्वभावाने एकदम भित्रा. डॅमसेलने त्याला पहिल्या तासापासून दगडाच्या एका फटीत दाबून ठेवलं, खायला पण बाहेर येऊ देईना. तिसऱ्या दिवशी सकाळी पाचला मी उठलो तर तो फरशीवर पडलेला, सुकलेला, ती पाठीवरची दोरी फरशीला चिकटलेली. वरच्या काचेला मागून वायरीसाठी चार बोटांची फट होती, तेवढ्यातून त्याने उडी मारली. ती फट आणि तो डॅमसेल, दोन्ही चुका माझ्या.

बाबा तेव्हा बाजूलाच दात घासत होते. त्यांनी सगळं पाहिलं आणि म्हणाले, "जुन्या बैलाले त्याच खुट्यावर ठेवशीन अन् नवा गोऱ्हा आणून बांधशीन, त मारनच ना तो. आधी साऱ्याईचे खुटे बदलव, मंग नव्याले आत घे." आमच्या गोठ्यात ते नेहमी असंच करतात, नवं जनावर आलं की सगळ्यांची दावण हलवतात, आणि पहिल्या रात्री नव्याला थोडं लांब, दिसेल पण भिडणार नाही असं बांधतात.

मी ते जसंच्या तसं करून पाहिलं. दगड सगळे नव्याने रचले, गुहा बदलल्या, नवा मासा आधी दोन दिवस जाळीच्या डब्यात टँकमध्येच ठेवला, आणि लाइट बंद करून मग सोडला. क्लाउनफिशवर याचा चांगला परिणाम झाला, कारण जुनी हद्दच राहिली नाही. डॅमसेल मात्र चार दिवस गोंधळला आणि पाचव्या दिवशी नव्या हद्दीवर परत तेच चालू. शेवटी काढायचं ठरवलं. जाळीने तर जमतच नाही, दगडातला मासा जाळीला सापडत नाही हे लिहून ठेवा. निम्मं पाणी घमेल्यांत आणि ड्रममध्ये काढलं, एकेक दगड उचलला, तीन तास लागले, पोवळ्यांना त्रास झाला तो वेगळाच. तो डॅमसेल आता अमरावतीत एकाकडे मोठ्या दांडग्या माशांच्या टँकमध्ये आहे आणि तिथे व्यवस्थित आहे.

म्हणून क्रम महत्त्वाचा. भित्रे, गरीब मासे आधी, दांडगा सगळ्यात शेवटी. आणि सारख्या आकाराचे, सारखं खाणारे दोन वेगळे मासे पण एकत्र नको, ते एकमेकांना भाऊबंदच समजतात आणि वाटणीवरून भांडतात. सिक्सलाइन रास नावाचा छोटा मासा खूप जण घेतात, तो पण आधी टाकला की नंतर येणाऱ्याला जगू देत नाही.

आपल्या भागात अजून एक गोष्ट धरावी लागते, ती म्हणजे उन्हाळा. मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा जातो, आणि त्यात लाईन गेली की गेली. टँकचं पाणी २५ ते २७ डिग्री पाहिजे. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, म्हणून मुंबईचा माणूस ज्या टँकमध्ये दहा मासे ठेवतो त्यात आपण सहा-सातच ठेवायचे. आपली हवा कोरडी आहे हा मात्र मोठा फायदा, पाण्यावर फॅन लावला की कूलरसारखं काम होतं, तीन-चार डिग्री सहज उतरतात. पण पाणी उडतं आणि मीठ मागेच राहतं, त्यामुळे मे मध्ये मी रोज सात-आठ लिटर साधं आरओचं पाणी टाकतो, मिठाचं नाही. खोलीलाही कूलर असतो, आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप कायम तयार.

माझ्या टँकमध्ये आज काय आहे ते सांगतो. क्लाउनफिशची जोडी, तीन पजामा कार्डिनल, शेवाळ खाणारा एक लॉनमोवर ब्लेनी, एक क्लीनर श्रिंप (श्रिंप म्हणजे झिंगा), आणि पिवळा वॉचमन गोबी त्याच्या पिस्टल श्रिंपसोबत. वर आता बारीक जाळीचं झाकण, एक बोट जाईल एवढीही फट नाही.

या गोबी-श्रिंपच्या जोडीसाठी मी बाकी सगळे मासे द्यायला तयार होईन. झिंग्याला जवळजवळ दिसत नाही. तो दिवसभर वाळूत बीळ खोदतो, बुलडोझरसारखा वाळू ढकलत बाहेर आणतो, आणि बाहेर आला की एक मिशी कायम गोबीच्या अंगाला टेकलेली. गोबी बिळाच्या तोंडाशी बसून पहारा देतो. काही धोका दिसला की गोबी शेपटी थरथरवतो, झिंगा तसाच मागे सरकतो, आणि फारच जवळ आलं तर गोबी पण डोकं खाली घालून आत. माझी आई दुपारी तुरी निवडत टँकसमोर बसते आणि यांच्याचकडे पाहत राहते. एक दिवस म्हणाली, "पाय कसं हाये, आंधळ्यानं डोयसाच्या खांद्यावर हात ठेवला अन् डोयसा बसून हाये त्याच्यासाठी." पहिल्या आठवड्यात रात्री टँकमधून चट्ट असा आवाज आला आणि मी काच तडकली म्हणून धावत उठलो होतो. तो झिंग्याच्या नांगीचा आवाज. नांगी इतक्या जोरात मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो, त्याचा तो आवाज.

पोट्ट्यांचा कागद जाताना असा झाला: क्लाउनफिश २, गोबी १, पिस्टल श्रिंप १. टँक तीन फुटाचाच. एकाचं तोंड जरा उतरलं, ब्लू टँग गेला म्हणून. पण मग दोघंही परत बिळासमोर जाऊन बसले आणि वीस मिनिटं हलले नाहीत.

आणि हो, वेगळं ठेवायचं सांगायचं राहिलं. नवा मासा सरळ टँकमध्ये टाकायचा नाही, तीन-चार आठवडे वेगळ्या छोट्या टँकमध्ये ठेवायचा, कारण रोग आत गेला तर तांब्याचं औषध रीफमध्ये टाकता येत नाही, त्याने झिंगे आणि पोवळी मरतात. माझ्याकडे सध्या एक फायरफिश तसा वेगळा आहे, त्या पहिल्या नंतर इतक्या वर्षांनी आणलेला. आज नववा दिवस. सकाळी पीव्हीसी पाईपमधून अर्धा बाहेर आला, दोन ब्राइन श्रिंप (खायला टाकलेले बारीक जीव) घेतले आणि परत आत गेला. झाकण मी दोनदा तपासलं.