आमिश सवारी आणि योसेफचं कीर्तन

ठाण्यातले जुने शेजारी आणि इस्राएलात अश्दोदला स्थायिक झालेली आमची भाचेमंडळी, दोन्हीकडून एकच प्रश्न येतो. "तिकडे तुम्ही आमिश लोकांबरोबर गाता म्हणे? ते ख्रिस्ती, तुम्ही ज्यू. गाता तरी काय? आणि धर्म आड येत नाही का?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहून काढतो, म्हणजे दर वेळी फोनवर अर्धवट सांगायला नको.

आधी थोडक्यात. एकत्र फारसं गात नाही, आळीपाळीने गातो. धर्म आड येतो, आणि तो यावा अशीच दोघांचीही इच्छा असते.

आता सविस्तर. मी पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यात राहतो आणि निवृत्तीनंतर व्हॅन चालवतो. आमिश लोक मोटार बाळगत नाहीत, चालवतही नाहीत, पण दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत बसायला त्यांची हरकत नसते. जवळपासच्या कामांना त्यांची घोडागाडी पुरते. दवाखाना, परराज्यातलं लग्न किंवा मयत असलं की आमच्यासारख्यांना बोलावणं येतं. जो आमिश नाही तो त्यांच्या लेखी 'इंग्लिश'. म्हणजे आडनावात कोकणातलं गाव, जन्म ठाण्याचा, धर्माने ज्यू, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल, आणि इथे मी इंग्लिश ड्रायव्हर! शनिवारी मी व्हॅन काढत नाही, रविवारी ते बोलावत नाहीत. आमच्या पूर्वजांना कुलाबा जिल्ह्यात 'शनिवार तेली' म्हणत, कारण त्या दिवशी त्यांचा घाणा बंद असे. धंदा बदलला, सुट्टीचा वार तोच राहिला.

आमिश म्हणजे कोण, हे इस्राएलमधली मुलं हमखास चुकीचं समजतात. काळी टोपी, दाढी, घोळदार कपडे घातलेल्या बायका, म्हणजे हे हसिदीमच (कर्मठ ज्यूंचा एक पंथ) असणार असं त्यांना वाटतं. दाढीकडे नीट बघा. आमिश पुरुष लग्नानंतर दाढी राखतो, पण मिशी ठेवत नाही. हे मूळचे स्विस-जर्मन ख्रिस्ती. 1525 साली झुरिकमध्ये काही जणांनी मोठेपणी, समजून-उमजून पुन्हा बाप्तिस्मा घेतला. त्यासाठी कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांनीही त्यांना बुडवलं, जाळलं. त्यांच्यातून 1693 च्या सुमारास याकोब अम्मानच्या मागे गेलेले ते आमिश. अठराव्या शतकात ते पेनसिल्व्हेनियात आले. आज उत्तर अमेरिकेत त्यांची संख्या चार लाखांच्या आसपास आहे.

त्यांच्या गाण्याचं मूळही त्या छळात आहे. डॅन्यूबकाठच्या पासाऊच्या किल्ल्यात 1535 ते 1540 या काळात कोंडलेल्या कैद्यांनी गीतं रचली. ती 1564 साली छापली गेली, पुढे त्यांत भर पडत गेली, आणि 'आउसबुंड' नावाचा तो जाडजूड ग्रंथ आमिश आजही उपासनेत वापरतात. त्यात फक्त शब्द आहेत, स्वरलेखन नाही. चाल कशी आहे ते म्हाताऱ्यांच्या गळ्यात. तिथून ती पोरांच्या गळ्यात जाते.

मला एका कुटुंबाने रविवारच्या उपासनेला बोलावलं होतं. यांच्याकडे चर्चची इमारत नसते. एक रविवार सोडून एक, पाळीपाळीने कुणाच्या तरी घरी किंवा कोठारात सगळे जमतात, आणि बिनपाठीची बाकं त्या घरी गाडीतून आणली जातात. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, तीन तास. पहिलं गीत सुरू झालं की धर्मसेवक उठून वरच्या खोलीत जातात आणि आज प्रवचन कोण करणार ते ठरवतात. म्हणजे ज्याच्यावर पाळी येणार त्यालाही ते आधी ठाऊक नसतं. दुसरं गीत नेहमी एकच, 'लोबलीड', म्हणजे स्तुतिगीत. एक जण ओळीचं पहिलं अक्षर एकट्याने लांबवतो, खालीवर वळवतो, मग सगळे त्यात शिरतात. सगळ्यांचा सूर एक, वाद्य नाही, दुसरी पट्टी नाही. चार कडव्यांना वीसेक मिनिटं लागतात. एकेका अक्षरावर इतके स्वर की शब्द कुठे सुरू झाला ते विसरायला होतं. आपल्याकडच्या विलंबित ख्यालाची सवय असलेल्या कानाला हे जड जात नाही. शेजारी बसलेला दुसरा इंग्लिश ड्रायव्हर मात्र दुसऱ्या कडव्याला झोपला.

मी गायलो नाही. पुस्तक हातात दिलं होतं, ते उघडून बसलो. त्या गीतांत ख्रिस्तासाठी जीव दिलेल्या माणसांच्या कहाण्या आहेत. ती त्यांची माणसं आहेत. मी त्यात आवाज मिसळला असता तर तो खोटा झाला असता, आणि मला वाटतं, त्यांनाही तो आवडला नसता.

पण तिथे बसल्या-बसल्या एक गोष्ट लक्षात आली. आमच्या तोराच्या, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांच्या, गुंडाळीतही स्वर लिहिलेले नसतात. मात्राही नसतात आणि वाचनाच्या चढउतारांच्या खुणाही नसतात. वाचणारा ते सगळं आधी छापील पुस्तकावरून पाठ करतो आणि मग उभा राहतो. वाद्याचंही तसंच. ठाण्याच्या शआर हाशामाईम सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनागृहात, शब्बाथला (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी) कधी पेटी वाजली नाही. लेवी लोक यरुशलेमच्या मंदिरात वाद्यं वाजवत, रोमनांनी सन 70 मध्ये ते मंदिर पाडलं, त्याचा शोक अजून चालू आहे, आणि तुटलेली तार शब्बाथला जोडायचा मोह नको हेही कारण. आमिशांचं कारण वेगळं: वाद्य वाजवणारा माणूस उठून दिसतो, आणि उठून दिसणं म्हणजे गर्व. घरात एखादा माऊथ ऑर्गन चालून जातो, उपासनेत नाही.

ज्यू आणि आमिश हा शेजार या भागात नवा नाही. लँकेस्टरमधल्या ज्यू दफनभूमीची जागा 1747 साली घेतली गेली. देशातल्या सर्वांत जुन्या ज्यू दफनभूम्यांपैकी ती एक. ती घेणाऱ्यांत जोसेफ सायमन नावाचा व्यापारी होता, सरहद्दीवरच्या आदिवासींशी व्यापार करणारा. आमिश कुटुंबं याच परगण्यात जमीन कसायला लागली तीही त्याच सुमाराला. इथल्या सिनेगॉगचं नाव शआराय शोमाईम. ठाण्याचं शआर हाशामाईम. स्वर्गाचं एक दार सोडून दुसऱ्या दाराशी आलो, असं बायको म्हणते.

आणखी एक जागा इथे आहे, एफ्राटाचा मठ. 1732 साली कॉनराड बाइसेल या जर्मन माणसाने तो उभारला. हे ख्रिस्ती असून शनिवार पाळायचे! रात्री उठून प्रार्थना, मोजकं जेवण आणि बाइसेलने स्वतः बसवलेल्या नियमांवर रचलेलं कोरसगायन. मठातल्या बायकांनीही चाली रचल्या. 1748–49 साली याच मठाच्या छापखान्यात 'हुतात्म्यांचा आरसा' हा आमिश आणि त्यांचे भाऊबंद मेनोनाइट यांच्या पूर्वजांच्या छळाचा ग्रंथ जर्मनमध्ये छापला गेला, सुमारे पंधराशे पानांचा. शनिवार पाळणाऱ्यांनी रविवार पाळणाऱ्यांचं काम करून दिलं. आता तिथे म्हातारी खोडं आणि तिकीटखिडकी आहे, पण बुटक्या दारांतून वाकून आत जाताना अजूनही गंमत वाटते.

तर गाणं कुठे होतं? व्हॅनमध्ये. ओहायोतल्या होम्स परगण्यात मोठी आमिश वस्ती आहे, इथून पाच-सहा तासांची वाट. लँकेस्टरची लग्नं सुगी आटोपली की मुख्यतः नोव्हेंबरात, मंगळवारी आणि गुरुवारी. तेव्हा पाहुणे आणण्या-पोचवण्याच्या खेपा सुरू होतात. गाडीतला रेडिओ मी लावत नाही, त्यांना तो नको असतो. मग अंधार पडला की मागच्या बाकावरच्या पोरी गुणगुणायला लागतात. आउसबुंडमधलं नव्हे, ते उपासनेचं. रविवारी संध्याकाळी तरुण मुलंमुली जमून जी भरभर चालीची गाणी म्हणतात, ती.

अशाच एका खेपेत एका आजीबाईंनी विचारलं, "ड्रायव्हर, तुमच्याकडे काय गातात?" काय सांगणार? आमच्याकडे काय नाही! हिब्रू तेहिलिम म्हणजे दावीदाची स्तोत्रं आहेत, एलियाहू हनाबीचं म्हणजे एलिया संदेष्ट्याचं गाणं आहे, आणि मराठी कीर्तन आहे. हिंदू हरिदासांची कीर्तनं ऐकून 1880 च्या सुमारास मुंबईतल्या बेने इस्राएलांनी आपलं कीर्तन सुरू केलं. बेंजामिन शिमशोन अष्टमकरांसारख्यांनी अब्राहम, योसेफ, मोशे यांच्या कथा साकी, दिंडी, ओवी, अभंगांत बसवल्या. साचा हरिदासांचा, कथा तोरातली. विठ्ठलाला त्यात आणलं नाही आणि विठ्ठलाची टिंगलही केली नाही.

मी योसेफाख्यान सुरू केलं, याकोबाच्या लाडक्या मुलाची, भावांनीच दगा दिलेल्या योसेफची कथा. माझे आजोबा कीर्तनात झांज वाजवायचे, त्यांच्याकडून ऐकलेलं, जसं आठवलं तसं. मराठीतच. थोडं गायचं, मग इंग्रजीत सांगायचं. पण सांगायची गरज फारशी पडेना. याकोब, रूबेन, यहूदा, बिन्यामिन ही नावं कानावर पडली की मागे माना हलत होत्या. नावं त्यांच्याच घरातली. आमच्या खेड्यातल्या मंडळींनी अब्राहमचा अबाजी आणि मोशेचा मुसाजी केला होता, हे ऐकून पोरी खूप हसल्या. ठाण्यात आमच्या चाळीत हे आख्यान झालं असतं तर योसेफ कोण इथपासून सुरुवात करावी लागली असती. इथे श्रोते माझ्यापुढे होते.

विहिरीपाशी आलो. आजोबांच्या आख्यानात भावांनी विहिरीत टाकलेला योसेफ गारठतो, कंबरेएवढ्या पाण्यात उभा राहून बापाला हाका मारतो. आजीबाईंनी तिथेच थांबवलं. "विहीर कोरडी होती. पाणी नव्हतं." घरी येऊन तोरा उघडला. उत्पत्ती, अध्याय 37, ओवी 24: विहीर रिकामी, तीत पाणी नाही. कोकणातल्या कीर्तनकाराला कोरडी विहीर सुचणार कशी? पण मी ते पाणी काढणार नाही, आणि आजीबाईंना तसं सांगितलंही. त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नव्हे.

मग त्यांची पाळी. त्यांनी तेविसावं स्तोत्र म्हटलं, जर्मनमध्ये. मी तेच हिब्रूत म्हटलं, शब्बाथच्या जेवणाला म्हणतो त्या चालीवर. दोघांना जवळ आणणारं काही असेल तर ते दावीदाची स्तोत्रं. त्यांतही सगळं एकच आहे असं समजू नका. मेंढपाळ म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर येशू असतो, माझ्या नाही. हे दोघांना माहीत आहे आणि स्तोत्र म्हणताना कुणी ते काढत नाही.

एकदा मात्र काढलं होतं. आजीबाईंनीच सरळ विचारलं, "तुम्ही त्याला का मानत नाही?" मी म्हटलं, बातमी आमच्या कोकणात अठराशे वर्षं उशिरा पोचली, तोवर आमचं ठरून गेलं होतं. त्या खळखळून हसल्या. पण यात थट्टेइतकंच खरंही आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनरी कोकणात आले. जॉन विल्सननी 1832 साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. आमच्या लोकांना धर्मांतराच्या आशेने हिब्रू आणि जुना करार शिकवला. आमच्या लोकांनी ते मन लावून शिकून घेतलं आणि बहुतेक सगळे ज्यूच राहिले, उलट जास्त पक्के ज्यू झाले. आजीबाईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, मिशनऱ्यांचं काम वाया नाही गेलं म्हणायचं. आमिश स्वतः कुणाच्या दारात धर्म सांगायला जात नाहीत, म्हणूनही असेल.

या दोन समाजांच्या मोठ्या भेटीही झाल्या आहेत. 2009 साली इथल्या आमिशांचा एक गट ब्रुकलिनच्या क्राउन हाइट्समध्ये लुबाविच हसिदीमना भेटून आला. 2010 मध्ये अमेरिकेतले आणि स्वित्झर्लंडमधले काही जण यरुशलेमच्या पश्चिम भिंतीपाशी गेले आणि ज्यूंच्या संहाराच्या काळात आपले लोक गप्प राहिले याबद्दल त्यांनी क्षमा मागितली. वर्तमानपत्रांत फोटो आले. चांगलं झालं. मात्र आमच्या गिऱ्हाइकांपैकी कुणी त्याबद्दल बोललेलं मला आठवत नाही. त्यांच्यात प्रत्येक मंडळी आपापली, सगळ्यांच्या वतीने कुणी बोलत नाही.

इथल्या एका कार्यक्रमवाल्यांनी माझ्यामार्फत 'ज्यू-आमिश संगीतसंध्या' ठरवायचा प्रयत्न केला. मी निरोप पोचवला. नकार आला, अगदी गोड. स्टेज, माईक, टाळ्या हे त्यांना नकोच. गाणं देवासाठी आणि सोबत बसलेल्यांसाठी. ऐकायला आलेल्यांसाठी नाही. आमच्याकडच्या कर्मठांनाही ते कठीणच गेलं असतं, कारण परस्त्रीचं गाणं पुरुषांनी ऐकायचं की नाही इथेच त्यांची गाडी अडते. मला विचाराल तर झालं नाही तेच बरं. अशा संध्याकाळी शेवटी दोन्हीकडची मंडळी एक बेचव गाणं निवडतात, ज्याने कुणालाच काही वाटत नाही.

म्हणून भाच्यांनो, रेकॉर्डिंग पाठवा म्हणू नका. त्यांना ते चालत नाही आणि मी चोरून करणार नाही. ऐकायचंच असेल तर नोव्हेंबरात या. व्हॅनमध्ये एखादी जागा असते. जेवण मिळेल, मात्र मांस आणि लोणी एकाच ताटात येईल, जे आपल्या धर्मात चालत नाही, तेव्हा पाव, लोणचं आणि बिटावर भागवा. आणि कुणी आजोबांचं योसेफाख्यान पूर्ण लिहून ठेवलं असेल तर फोटो काढून पाठवा. मागच्या खेपेला योसेफ मिसरात तुरुंगात असतानाच आजीबाईंचं घर आलं. त्यांच्या नातीने पुढच्या महिन्यातली गाडी ठरवताना सांगितलंय की आजी पुढच्या सीटवर बसणार आहे, भाऊ धान्य मागायला येतात तो भाग नीट ऐकायचाय.