८०० ग्रॅमची कुऱ्हाड, ४ किलोची ढाल

संग्रहासाठी मागवलेली पहिली कुऱ्हाड मी परत पाठवली, कारण तिचं नुसतं पातं दीड किलोच्या वर भरलं. फोटोत सगळं होतं: रुंद धार, पात्यावर कोरलेली रुनिक (जुन्या उत्तर युरोपीय लिपीतली) अक्षरं, दांड्याला चामड्याची वीण. पण व्हायकिंग काळातली, म्हणजे साधारण आठव्या ते अकराव्या शतकातल्या स्कँडिनेव्हियन दर्यावर्दींची, लढाईची कुऱ्हाड इतकी जड नसते. नॉर्वेतल्या सेतेस्दाल खोऱ्यात लांगेइद इथे २०११ साली एका थडग्यातून रुंद पात्याची कुऱ्हाड निघाली. आज तिचं पातं साधारण ५५० ग्रॅम आहे. गंजून झिजण्याआधी ते ८०० ग्रॅमच्या आसपास असावं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. दांडा सुमारे ११० सेंटिमीटरचा, दोन हातांनी चालवायचा. सरपण फोडायच्या कुऱ्हाडीला जाडी हवी, कारण तिला लाकूड फाकवायचं असतं. लढाईच्या कुऱ्हाडीला वेग हवा, म्हणून ती पातळ घडवलेली. हा फरक एकदा पक्का कळला की बाजारातल्या निम्म्याहून जास्त वस्तू आपोआप गळतात.

त्यामुळे आता विक्रेत्याशी बोलताना मी आधी वजन विचारतो, मग प्रकार. पुरातत्त्वज्ञ यान पेटरसन यांनी १९१९ साली नॉर्वेतल्या व्हायकिंग शस्त्रांची वर्गवारी केली. त्यात कुऱ्हाडींना ए ते एम अशी अक्षरं आहेत आणि आजही लोहार, संग्राहक, संग्रहालयं सगळे तीच भाषा बोलतात. ‘एम’ म्हणजे रुंद, पातळ, दोन हातांची. ‘मला एम हवी आहे, धार २२ सेंटिमीटर, पातं ८५० ग्रॅमच्या आत’ एवढं सांगितलं की जाणता लोहार लगेच पुढचे प्रश्न विचारू लागतो. ज्याला अक्षर कळत नाही, त्याच्याकडून मी घेत नाही. डेन्मार्कात राहणाऱ्यांना हे सोपं जातं. जुलैअखेर ऑर्हूसजवळ मोसगॉर्डच्या किनाऱ्यावर मोठा व्हायकिंग मेळा भरतो, तिथे पातं हातात घेऊन बघता येतं. नुसत्या फोटोवरून घ्यायचं असेल, तर तीन फोटो मागावेत: वरून नेढ्याचा (दांडा बसतो त्या भोकाचा), धारेच्या बाजूने समोरून, आणि पातं वजनकाट्यावर ठेवलेला. तिसरा फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याचं कारण बहुतेक वेळा काट्यावरच असतं.

पातं हातात आल्यावर मी आधी नेढ्यातून धारेकडे बघतो. नेढ्याची मधली रेघ आणि धारेची रेघ एका ओळीत यायला हव्यात. नेढं तिरकं असेल तर दांडा कितीही चांगला तासा, वार वाकडाच बसणार. मग पातं दोऱ्याला टांगून लाकडाच्या तुकड्याने हलकं ठोकायचं. नाद खणखणीत आला पाहिजे. आवाज भद्द आला तर नेढ्याच्या कोपऱ्यात तडा असण्याची शक्यता फार, कारण लोखंड गुंडाळून नेढं केलेलं असेल तर जोड तिथेच संपतो आणि ताणही तिथेच येतो. जुन्या पद्धतीत अंग मऊ लोखंडाचं असतं आणि धारेला पोलादाची पट्टी तापवून जोडलेली असते. त्या जोडाची रेघ घासलेल्या पात्यावर दिसते: थोडी नागमोडी, दोन्ही बाजूंना सारखी नसलेली. आम्लाने नुसती वरवर काढलेली नक्षी बारीक पॉलिश पेपरने चार हात मारले की पुसट होते. विक्रेत्याची परवानगी घेऊन धारेच्या टोकाला बारीक कानस लावून बघावी. पोलादाला नीट पाणी दिलेलं असेल तर कानस घसरते, अंगावर मात्र चावते. दोन्हीकडे सारखीच चावली तर धार टिकणार नाही. दोन्हीकडे घसरली तर सगळं पातं कडक झालेलं आहे, आणि असं पातं तुटतं.

दांडा मी स्वतःच बसवतो. तयार दांड्यांत बहुतेक वेळा लाकडाची रेषा मध्येच कडेला निघून जाते आणि पुढे दांडा नेमका तिथेच मोडतो. म्हणून करवतीने कापलेलं नव्हे, फोडून काढलेलं ॲश या युरोपीय झाडाचं चिवट लाकूड घ्यायचं. रेषा टोकापासून टोकापर्यंत सलग जायला हवी. आयर्लंडच्या लॉक कॉरिब तळ्यातून निघालेल्या अशाच एका कुऱ्हाडीला चेरीच्या लाकडाचा सुमारे ८० सेंटिमीटरचा दांडा अजून शाबूत आहे, म्हणजे ॲशच हवं असा हट्ट नको. रेषेचा मात्र हट्ट हवाच. तासण्याआधी लाकूड घरात दोन-तीन आठवडे वाळू द्यायचं.

बसवताना नेढ्याच्या आतल्या बाजूला काजळी फासायची, दांडा घालून बाहेर काढायचा आणि जिथे काळा डाग लागला असेल तेवढाच भाग खरवडायचा. हे दहा-बारा वेळा करावं लागतं. घाईत एकदाच जास्त तासलं तर पुढे पाचर कितीही मोठी ठोका, पातं हलणारच. नेढ्याच्या खोलीच्या दोन-तृतीयांश इतकी खाच नेढ्याच्या लांबट दिशेने घ्यायची, पातं चढवायचं, आणि दांडा पात्यासकट उभा हवेत धरून खालच्या टोकावर लाकडी हातोडीने ठोकायचं. पातं जडपणामुळे जागेवर राहतं आणि दांडा त्यात वर सरकतो. मग ओकची कोरडी पाचर ठोकायची आणि वर ३ ते ४ मिलिमीटर लाकूड ठेवून बाकीचं कापायचं. दांडा सैल झाला की कुऱ्हाड बादलीत बुडवून ठेवायची आपल्याकडे जुनी सवय आहे. संग्रहातल्या वस्तूला हे कधीच करू नये. फुगलेलं लाकूड नेढ्यात दाबलं जाऊन आतून चुरतं, आणि वाळल्यावर आधीपेक्षा जास्त ढिलं पडतं.

शेवटी जवसाचं तेल. पहिला हात टर्पेंटाइनमध्ये निम्मा-निम्मा करून, पुढचे दोन नुसत्या तेलाचे, आणि प्रत्येक वेळी वीस मिनिटांनी जादा तेल पुसून काढायचं. त्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चिंध्यांचा गोळा आपोआप पेट घेऊ शकतो. मी त्या बाहेर मोकळ्या पसरून वाळवतो.

खरी मेहनत ढालीत आहे, आणि फसवणूकही तिथेच जास्त. गोल ढालीसाठी सगळ्यांचा आधार म्हणजे गोकस्टाडचं जहाज, मृतासोबत पुरलेलं व्हायकिंग जहाज. नॉर्वेत सान्डेफ्योर्डजवळ १८८० साली ते उकरून काढलं, तेव्हा त्याच्या कडांवर एकूण ६४ ढाली होत्या, दर बाजूला ३२, एक पिवळी एक काळी अशा रांगेत. व्यास सुमारे ९४ सेंटिमीटर, सात-आठ पातळ फळ्या कडेला कड लावून जोडलेल्या, आणि कडेला बारीक भोकांची रांग. बाजारात मिळणारी ढाल मात्र बहुधा १२ मिलिमीटरच्या प्लायवूडची असते. तिला मागे हात अडकवायचे दोन पट्टे असतात. हे पट्टे या काळाचे नाहीत. व्हायकिंग ढालीला मध्यभागी भोक, भोकावर लोखंडी वाटी आणि वाटीच्या मागे एकच आडवी मूठ असते.

हिशेब करून बघा. ८६ सेंटिमीटर व्यासाच्या ढालीचं क्षेत्रफळ ०.५८ चौरस मीटर. पाइन लाकूड घनमीटरला साधारण ५०० किलो धरलं आणि सरासरी जाडी ७ मिलिमीटर, तर नुसतं लाकूड होतं २ किलो. वाटी, मूठ, खिळे आणि दोन्ही बाजूंचं कातडं धरून ४ किलोच्या आसपास. बर्च प्लायवूडचं १२ मिलिमीटरचं चक्र एकटंच साडेचार किलोच्या पुढे जातं.

मी १२.५ सेंटिमीटर रुंदीच्या सात फळ्या घेतल्या. मधली जाडी ८ मिलिमीटर ठेवली आणि रंध्याने उतरवत कडेला ५ पर्यंत आणली. फळ्या जोडल्या सरसाने. सरस थंड पाण्यात रात्रभर भिजवून, भांडं गरम पाण्यात ठेवून ६० अंशांपर्यंतच तापवायचा. उकळला तर त्याची पकड जाते, आणि हे वाळल्यावरच कळतं. मध्ये १२ सेंटिमीटरचं भोक. आतल्या मुठीला सगळीकडे बोटभर जागा राहायला हवी, नाहीतर वाटीवर आपटलं की पेरं सोलतात. मुठीची पट्टी ॲशची, ८० सेंटिमीटर लांब, फळ्यांना काटकोनात. नुसती धरायला एवढी लांबी लागत नाही, पण हीच ढालीचा कणा आहे आणि सगळ्या फळ्या तिनेच एकत्र राहतात. खिळ्यांसाठी आधी भोकं पाडून घ्यायची. पातळ पाइनमध्ये थेट खिळा ठोकला की फळी रेषेत चिरते. टोक मागे निघालं की ते वळवून परत लाकडात ठोकायचं.

ढाल उघडी होती की मढवलेली, यावर बराच वाद झाला. गोकस्टाडच्या ढालींची २०२३ साली नव्याने तपासणी प्रसिद्ध झाली. तिच्यात त्या नुसत्या अंत्यविधीच्या शोभेच्या नव्हत्या आणि त्यांवर चर्मपत्रासारखं पातळ कातडं असावं, असं मत मांडलं आहे. मला ते हातांनी पटलं. उघडी ढाल ओल्या हवेत तीन दिवसांत वाकडी झाली, मढवलेली झाली नाही. शेळीचं न कमावलेलं कातडं घ्यायचं, १ मिलिमीटरच्या आतलं, रात्रभर भिजवून. सरसाने आधी एक बाजू आणि लगेच दुसरी बाजू लावायची. एकाच बाजूला लावलं तर वाळताना ते आकसतं आणि ढाल परातीसारखी खोलगट होते. डफ किंवा हलगी शेकणाऱ्यांना हे सांगायला नको. कातडं उष्णतेने ताणतं आणि दमट हवेत ढिलं पडतं, तोच न्याय इथे. वाळवायचं हळू, चार दिवस, हीटरपासून लांब. मी एक ढाल रेडिएटरला टेकवून वाळवली. दुसऱ्या फळीची कड बोटभर उघडली आणि कातडं त्या फटीवर फाटलं. कडेला शेवटी ४ सेंटिमीटरची कातडी पट्टी दुमडून भोकांतून लिननच्या दोऱ्याने शिवायची, तीही ओली असतानाच. रंगासाठी पिवळी माती आणि काजळी, दोन्ही जवसाच्या तेलात.

ठेवताना कुऱ्हाड चामड्याच्या म्यानात बंद करू नये, ओकच्या पेटीत तर मुळीच नाही. दोन्हींतून निघणारी आम्लं लोखंडाला खातात. पात्याला मधमाशीच्या मेणाचा पातळ हात देऊन ते उघड्यावर ठेवावं. ढाल कडेच्या शिवणीवर टांगायची नाही, खालून दोन खुंट्यांवर टेकवायची.

भारतात आणायचा विचार असेल तर आधी कायदा बघा. शस्त्र नियमांच्या पाचव्या वर्गात तलवारी, भाल्यांबरोबर लढाईच्या कुऱ्हाडींचंही नाव आहे. अशा शस्त्रांच्या आयातीला परवाना लागतो. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेली पाती या वर्गाबाहेर आहेत, पण ‘एम’ प्रकारची कुऱ्हाड सुताराची आहे असं सांगून चालणार नाही. पुण्याला नेण्यासाठी मी ढाल निवडली आणि तीही पावसाळा संपल्यावर. दमट हवेत न कमावलेल्या कातड्याला बुरशी धरते. पहिला पावसाळा ती कापडात सैल गुंडाळून, खाली सिलिका जेलच्या पुड्या ठेवून काढली. पुड्या दर पंधरा दिवसांनी तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून घ्याव्या लागल्या.