पहिल्या एल्कआधीची पाहणी

ऑक्टोबरअखेरच्या हंगामासाठी नर एल्कच्या, म्हणजे सांबरासारख्या मोठ्या अमेरिकी हरणाच्या, शिकारीचा परवाना हातात आला, तेव्हा आम्हा दोघांपैकी कोणीही अमेरिकेच्या कॉलोरॅडो राज्यातले फ्लॅट टॉप्सचे पठार डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. मी पुण्याचा, सोबती साताऱ्याचा. डोंगरांचा जो काही अनुभव गाठीशी आहे तो सगळा सह्याद्रीतला, आणि शिकारीचा तर मुळीच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरच्या भारतात ‘शिकार’ हा शब्द गुन्ह्यांच्या बातम्यांतच वाचत मोठे झालेल्या माणसाला, कॉलोरॅडोत ती रीतसर हंगाम आणि परवाना पाहून करता येते, हे पचायलाच काही वर्षे गेली. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला येथे शिकारीचे शिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र लागते. ते आम्ही वसंतातच मिळवले. सोबती अजून एच-वन-बी या नोकरीसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहे. अशा व्हिसाधारकाला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक बाळगण्याची मनाई आहे आणि वैध शिकार परवाना हा तिला असलेल्या अपवादांपैकी एक आहे; त्यामुळे त्याच्या बाबतीत कागद आधी आणि रायफल नंतर, असा क्रम ठरूनच गेला.

परवाना आला तरी जागा पाहिलेली नाही, ही गोष्ट मनाला खात होती, म्हणून सप्टेंबरातील एका शुक्रवारी पहाटे आम्ही डेन्व्हर सोडले. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून १,६०९ मीटर उंचीवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून जेमतेम ३७ मीटर कमी. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर जिथे संपते, साधारण तिथून आमची गाडी चढणीला लागली. आयझेनहॉवर बोगदा अकरा हजार फुटांवर ओलांडून आम्ही पश्चिमेस उतरलो आणि शिकारीच्या कामाला निघालेल्या माणसांना शोभेल अशा ‘रायफल’ नावाच्या गावी पेट्रोल भरून उत्तरेला वळलो. पुढे मीकर हे छोटे गाव लागते. तेथून पूर्वेकडे व्हाइट नदीच्या काठाने जाणाऱ्या रस्त्यावरून शेवटी खडीच्या वाटेला लागले की ट्रॅपर्स लेक येते. हा सगळा मुलूख यूट या मूळनिवासी लोकांचा होता. १८७९ च्या उठावानंतर, १८८१ मध्ये, व्हाइट नदीकाठच्या यूटांना येथून हुसकावून शेजारच्या युटा प्रांतात नेण्यात आले.

ट्रॅपर्स लेक सुमारे ९,६०० फुटांवर आहे. १९१९ मध्ये अमेरिकेच्या वनसेवेने आर्थर कारहार्ट या तरुण आरेखकाला या तळ्याभोवती रस्ता आणि बंगल्यांचे भूखंड आखायला पाठवले होते; त्याने पाहणी केली आणि येथे काहीच बांधू नये, अशी शिफारस केली. ती मानली गेली. पुढे रानाला रानच राहू देणारा १९६४ चा वाइल्डरनेस कायदा झाला आणि १९७५ मध्ये फ्लॅट टॉप्स त्याच्या संरक्षणाखाली आले. तळ्याकाठी उभे राहून हा इतिहास आठवताना मला कारहार्टविषयी कृतज्ञता वाटली आणि, खरे सांगायचे तर, थोडी धास्तीही. कारण संरक्षित हद्दीत इंजिनच काय, चाकसुद्धा चालत नाही; मारलेले जनावर ओढून आणण्याची साधी दुचाकी हातगाडीही नाही. घोडा किंवा खेचर नसेल, तर जे काही बाहेर येईल ते माणसाच्या पाठीवरूनच.

तोवर आमचे सारे नियोजन एल्क कुठे असेल, या एकाच प्रश्नाभोवती फिरत होते. समोच्च रेषांचे नकाशे आणि उपग्रहाची छायाचित्रे पाहून आम्ही तळ्यापासून पाच किलोमीटर आतले एक कुरण हेरले होते: दक्षिणेकडे तोंड असलेला गवताचा उघडा उतार, समोर उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर दाट झाडी, मध्ये ओढा. एल्क पहाटे आणि सांजेला उघड्यावर चरतो आणि दिवसा उत्तराभिमुख उताराच्या गर्द सावलीत बसतो, त्यामुळे कागदावर ही जागा निर्दोष होती. प्रत्यक्षात मात्र तिथे पोहोचायला सव्वाचार तास लागले. २००२ च्या वणव्यात या भागातील जंगल जळाले आणि तेव्हापासून ते उभे जळके खांब वाऱ्याने एकेक करून पडत आले आहेत. पायवाट सोडली की कमरेएवढ्या ओंडक्यांवरून चढ-उतार करण्यातच जीव जातो. सह्याद्रीतल्या नाळेतून, म्हणजे अरुंद खड्या घळीतून, चढताना दगडांनी पाय मोडण्याची भीती आम्हाला ठाऊक होती, पण सगळीकडे पसरलेली आणि संपता न संपणारी ही लाकडे नवीन होती.

कुरणाने मात्र निराश केले नाही. ताज्या लेंड्या, शिंगे घासून साल सोललेली कोवळी झाडे आणि ओढ्याकाठी चिखलात लोळल्याची, उग्र वासाची एक जागा मिळाली. दहाच्या सुमारास ऊन तापले आणि तोवर दरीकडे वाहणारी गार हवा उलटून उताराने वर चढू लागली; मी उडवलेली चिमूटभर पावडर माझ्या डोक्यावरून थेट त्या दाट झाडीत शिरली. काही क्षणांत आत फांद्या मोडल्याचा आवाज झाला आणि मग शांतता. एल्क आम्हाला दिसला नाही. आमचा वास मात्र त्याला लागला होता.

परतीच्या वाटेवर सोबत्याने हिशेब मांडला. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या आसपास भरतो. हाडे काढून टाकली तरी मांस नव्वद किलोंपर्यंत जाते, वर डोके आणि शिंगे वेगळी. खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे हा येथे गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते मनाला पटले नसते. प्रत्येकी तीस किलो धरले, तरी दोघांना दोन खेपा. म्हणजे पाच किलोमीटर ओझ्याने बाहेर, पाच रिकामे आत, पुन्हा पाच ओझ्याने. आणि आमचा रिकाम्या पाठीचा वेगच ताशी सव्वा किलोमीटरहून कमी. त्या कुरणावर आम्ही फुली मारली. एल्क कुठे असेल यापेक्षा तो कुठे पडला तर आपल्याला उचलता येईल, हे आधी ठरवायला हवे होते, आणि हे कळायला मला एवढे चालावे लागले.

बाकीच्या गोष्टी नियमांच्या आहेत आणि त्या पाठ करता येतात. कंबरेच्या वर पाचशे चौरस इंच भडक केशरी किंवा गुलाबी कापड आणि त्याच रंगाची टोपी. येथील बहुतेक भागांत नराच्या एका शिंगाला किमान चार टोके, नाहीतर कपाळाजवळचे टोक निदान पाच इंचांचे. आणि गोळी झाडण्याची वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. नावाचा एक घोळ तेवढा लक्षात ठेवावा लागतो: युरोपात ज्याला एल्क म्हणतात तो प्राणी येथे मूस. १९७८ पासून कॉलोरॅडोत आणून सोडलेले मूस आता या डोंगरांतही आहेत आणि घाईत एल्क समजून मूस मारल्याचे प्रकार घडतात. दुर्बिणीतून खात्री पटेपर्यंत रायफल खांद्याला लावायची नाही, असे आम्ही ठरवले आहे.

घरी आल्यावर मी तळ्याकडच्या वाहनतळापासून नकाशावर अडीच किलोमीटरची रेघ आखली. तिच्या पलीकडे दिसेल तो एल्क फक्त पाहायचा. सध्या रोज संध्याकाळी पाठीवरच्या पिशवीत वीस-वीस पौंडांच्या तांदळाच्या तीन पिशव्या भरून आम्ही सोसायटीमागच्या टेकडीवर चढतो. सोबत्याला तिसरी पिशवी अजून पेलत नाही, म्हणून ती रेघ मी पेन्सिलीने दोन किलोमीटरवर आणून ठेवली आहे.