एकोणीस वर्षांच्या पोराची बदली

जुलै संपत आला की आमच्या सॅन डिएगोच्या ऑफिसात कामाचं बोलणं कमी होतं. बेसबॉलमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत जवळ आलेली असते. आपला इथला संघ पाड्रेस यंदा कुठली कोवळी पोरं देऊन कुठला तयार गडी आणणार, यावर कॉफी मशिनपाशी परिषद भरते. मी मात्र अजून २०२२मध्येच अडकलोय.

त्या उन्हाळ्यात शेजारच्या टेबलावरचा सहकारी मला लेक एल्सिनोरला घेऊन गेला. तिथे पाड्रेसचा ज्युनिअर संघ खेळतो. मुंबईत पावसाळ्यात खेळतात त्या आपल्या कांगा लीगइतकंच घरगुती वातावरण, फक्त चिखल नाही. आउटफिल्डला जेम्स वुड नावाचा १९ वर्षांचा, साडेसहा फुटी पोरगा होता. बॅट अशी फिरवायचा, जणू झोपेतून उठून आळस देतोय. मला तो फार आवडला. टोपीसुद्धा घेतली.

२ ऑगस्टला तो गेला. वॉशिंग्टन नॅशनल्सकडून हुआन सोटो आणि जॉश बेल आले, बदल्यात सहा जण गेले: वुड, हॅसेल, १८ वर्षांचा सुसाना, एब्रम्स, गोर आणि व्हॉइट. गंमत म्हणजे 'अनुभवी' सोटोही तेव्हा २३ वर्षांचाच. पण २०१९ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम फेरी, जिंकलेला, आणि नॅशनल्सचे १५ वर्षांचे ४४ कोटी डॉलर नाकारून बसलेला.

माझं डोकं फिरलं ते नियमामुळे. इथे मोठ्या लीगमध्ये १० वर्षं काढली आणि त्यातली शेवटची ५ त्याच संघात असली, तर खेळाडू बदलीला नाही म्हणू शकतो. काही बडे खेळाडू तशी अट करारातच घालून घेतात. १९ वर्षांच्या पोराने मात्र फोन आला की बॅग भरायची! मी सहकाऱ्याला ऐकवलं, आमच्याकडे रणजीत राज्य सोडायचं तर खेळाडू स्वतः एनओसी मागतो, त्याला कुणी विकत नाही. तो म्हणाला, "आणि आयपीएलचा लिलाव?" मी म्हटलं, ते वेगळं. कसं वेगळं, ते अजून शोधतोय.

सहकाऱ्याचंही खरं होतं म्हणा. पाड्रेस १९६९पासून खेळताहेत, १९८४ आणि १९९८ला अंतिम फेरीत हरले, वर्ल्ड सिरीज एकदाही नाही. पोरं पिकेपर्यंत मी थांबायचं का, असं तो विचारायचा. हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला? पण मला सांगा, यात हातचा कोण? सोटो तर २०२४ संपलं की करारातून मोकळाच होणार होता.

३ ऑगस्टला पेटको पार्कवर मीही होतो आणि सोटोसाठी उभं राहून टाळ्या वाजवल्या, हे कबूल. ऑक्टोबरमध्ये आम्ही १११ सामने जिंकलेल्या डॉजर्सना घरी पाठवलं आणि पुढे फिलीजकडून ४-१ मार खाल्ला. २०२३ला सोटो सगळे १६२ सामने खेळला, ३५ होमरन मारले, तरी संघ ८२ विजय, ८० पराभवांवरच. डिसेंबरात त्याला यँकीजकडे धाडलं. बदल्यात आलेल्यांपैकी थॉर्पला व्हाइट सॉक्सला देऊन डिलन सीझ हा पिचर, म्हणजे बेसबॉलचा गोलंदाज, आणला, आणि त्या सीझने २५ जुलै २०२४ला समोरच्यांना एकही हिट मारू दिली नाही. कुठे? वॉशिंग्टनला, नॅशनल्सच्याच विरुद्ध. आता हा हिशेब कुठल्या वहीत मांडायचा?

रविवारच्या फोनवर बाबांपुढे हे सगळं गाऱ्हाणं गायलो. बाबा बँकेतून निवृत्त झालेले. म्हणाले, "विचारलं नाही म्हणजे काय? मला सांगलीहून गोंदियाला टाकलं तेव्हा कुणी विचारलं? तू तिसरीत होतास, शाळा सुटली म्हणून आठवडाभर रडलास." मी म्हटलं, मी इथे स्वतः मागून आलोय, कुणी पाठवलं नाही. हे मी जरा जास्तच जोरात म्हटलं असणार, कारण पलीकडे बाबा काही बोलेनात.

मग म्हणाले, "त्या उंच पोराचं काय झालं पुढे?"

सांगितलं, २०२५ला ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या, संघात निवडला गेला. गोरसुद्धा.

"मग मानवली म्हणायची बदली," म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.